घरपट्टी भरली कुणी

— पाण्याची मोटर जळाली. दोनदा.

— संडासाच्या टाकीचा उपसा.

— अकरा नंबरच्या बाळाचं बारसं.

— गच्चीला डांबर.

— श्रावणातला सत्यनारायण, खोल्यांच्या नावानं.

— ढेकणाचं औषध.

— कुत्रं.

करुणा : थांबा, थांबा मामा. कुत्रं?

भिमाजी : लिही की. राखण करतंय खोल्यांची. म्हैन्याला बिस्किटाचे पुडे किती जात्यात, विचार हिला.

सरूबाई : राखण कुत्रं करतंय? मग पहाटं पाचला काठी घिऊन व्हरांड्यातले दिवे बंद करीत फिरतंय ते कोन?

भिमाजी : ते मी. बरी आठवण केलीस. करुणे, त्याच्याखाली लिही, वॉचमन एक.

करुणा : पगार किती?

भिमाजी : कवा मिळालाच न्हाई.

सरूबाई : चहा मिळतोय की दोन टायमाला.

करुणा : मामा, ही यादी तुम्ही लग्नपत्रिकेच्या मागं लिहिली आहे.

भिमाजी : पाठकोरी हुती. कागद वाया घालवायचा न्हाई.

करुणा : हे माहीत आहे मला. चार नंबरमध्ये दोन वर्षं राहिले आहे मी तुमच्या. जाताना भिंतीत एक खिळा सापडला म्हणून डिपॉझिटमधून दोनशे रुपये कापले होते तुम्ही.

भिमाजी : खिळा मोठा हुता.

करुणा : त्याला बाबासाहेबांचा फोटो लावला होता मामा. छोट्या खिळ्यावर कसा राहील?

भिमाजी : म्हनून तर दोनशेच घेतले. क्यालेंडर असतं तर पाचशे घेतले असते. तुझ्या बापाला, ज्ञानदेवरावांना, जयभीम सांग माझा. रेल्वेतनं रिटायर झाले न्हवं? पेन्शन असंल. त्यांना न्हाई ह्यो ताप.

करुणा : सांगते. आता ती पत्रिका बाजूला ठेवा. तुमची पंचाईत काय झाली आहे ते मी एकदा सांगते, मामी, तुम्हीही ऐका. सणसवाडीत तुमच्या अडतीस खोल्या. त्यातल्या बारा खोल्या एका कंपनीनं कामगारांसाठी घेतल्या. कंपनी भाडं देताना दर महिन्याला थोडा कर कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारात भरते. त्यातूनच आयकर खात्याला कळलं की भिमाजी नावाचा एक घरमालक आहे, त्याला भाडं येतं आणि त्यानं आजवर एकदाही रिटर्न भरलेलं नाही. म्हणून मोबाईलवर तो मेसेज आला.

भिमाजी : मला वाटलं कंपनीनं चोरले. मी तिथल्या सायबाला लई बोललो.

सरूबाई : इंग्रजीत बोलले. ‘माय मनी, माय मनी.’ गेटवरचा वॉचमन हसत हुता.

भिमाजी : हसू दे. आता तू मला कापलेलं परत काढून दे, करुणे. खर्च किती दावलाय बघ की. जमा हाय तसा खर्च हाय. राह्यलं काय हातात? कुत्रं.

करुणा : शिरूरला एवढे कर सल्लागार आहेत. एवढ्या लांब दौंडला का आलात?

भिमाजी : शिरूरच्याला सांगितलं की सांजच्यापतूर सणसवाडीत भोंगा वाजतोय. तू आपली. आन् पैसंबी कमी घेशील.

करुणा : खिळ्याचे दोनशे धरून घेईन. आता ऐका. घरभाड्याला सूट मिळते ती तीनच गोष्टींची. एक, त्या वर्षात मालकानं खरोखर भरलेली घरपट्टी. ती वजा केली की उरतं त्याच्या सरसकट तीस टक्के. आणि घर घ्यायला, बांधायला कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज. संपलं.

भिमाजी : आन् मोटर?

करुणा : तीस टक्क्यांत.

भिमाजी : डांबर?

करुणा : तीस टक्क्यांत.

भिमाजी : ढेकूण?

करुणा : ढेकूण, कुत्रं, सत्यनारायण, तुम्ही स्वतः, सगळे त्या तीस टक्क्यांत. वेगळं काहीच मागता येत नाही.

भिमाजी : म्हंजी मी रंग दिलाच नसता तर?

करुणा : तरी तीस.

भिमाजी : आन् सोन्याचं पाणी मारलं असतं तर?

करुणा : तरी तीस.

भिमाजी : हे म्हंजी काय झालं! कितीबी करा, शाबासकी तेवढीच. सरकार पार सुनंसारखं हाय.

सरूबाई : सुनंसारखं कशाला, तुमच्यासारखं हाय. तीस वरसं सैपाक करतीया, आजपतूर ‘हं’च्या म्होरं शब्द न्हाई.

करुणा : मामा, वाईट वाटून घेऊ नका. खरा खर्च तीस टक्क्यांहून कमी असला तरी तीस मिळतात. तुमचा तेवढा तरी होतो का?

सरूबाई : न्हाई हुत. मी सांगते. निम्मी यादी शेजाऱ्याची हाय. डांबर त्यांच्या गच्चीला पडलं.

भिमाजी : उरलेलं आपल्याला दिलं की त्यानं!

करुणा : बरं. घरपट्टीची पावती आणली?

भिमाजी : घरपट्टी मी भरतच न्हाई. दोन वरसं झाली. सरपंचानं गटार आनून माझ्या दारात सोडलं. मी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, जवर गटार हालत न्हाई तवर भिमाजी एक रुपया देणार न्हाई. आन् मार्चात हालवलं का न्हाई गटार? वाकावं लागलं त्यांना.

सरूबाई : ही घे पोरी. दोन्ही वर्साची पावती. मार्चातच भरली मी.

भिमाजी : तू?

सरूबाई : भरली तवा तर गटार हाललं. तुम्हाला वाटलं सरपंच घाबरला.

भिमाजी : मग मला सांगितलं का न्हाईस? मी पारावर चार मान्सांत सांगत फिरलो!

सरूबाई : म्हनून तर न्हाई सांगितलं. लई खुशीत हुता तुम्ही.

करुणा : मामी, काम केलंत. ज्या वर्षी भरली त्या वर्षी मागची थकलेलीही वजा धरता येते. फक्त कायद्यात असं लिहिलंय की ती मालकानं भरलेली हवी.

सरूबाई : भरली मी. मालक ह्ये.

भिमाजी : घरातली बाई न् मी काय येगळं हाय व्हय? माझ्याच नावावर पावती फाडलीय की तिनं.

करुणा : फाडली आहे, म्हणून चालेल. मी आपली गंमत केली.

सरूबाई : मी न्हाई केली गंमत. करुणा, आज मी कशापायी यष्टीत बसून आले, विचार की. एरवी मी खोल्या सोडून शिक्रापूरला बाजारला बी जात न्हाई.

भिमाजी : आता तू तिचं काय ऐकतीस, तिला दौंडची हवा खायाची हुती...

फोन : हॅलो, मालिक, नमस्ते।

भिमाजी : हां, बोलो अकरा नंबर. क्या हुआ?

फोन : मालिक, मालकिन हैं क्या? उनको दीजिए ना।

भिमाजी : अरे मैं मालिक है! मेरेको बोलो!

फोन : जी। वो पानी बंद हो गया ऊपर का। मालकिन को पता है।

सरूबाई : आना इकडं. हां उमेश, बोल. हां. सुन, जिना के नीचे दो कॉक है. लाल वाला मत छूना. दुसरा, जिसको चिंधी बांधी है, वो उल्टा घुमाव. आन् बाळाचा ताप कैसा है? उतऱ्या? काढा दिया? बरं. मैं शाम को आती.

करुणा : चिंधी बांधलेला कॉक!

सरूबाई : लाल कॉक ह्यांनी बसवला. चिंधीवाला चालतोय.

भिमाजी : झालं तुमचं? मग हिशेब सांग. सगळी सूट धरून काय ऱ्हातंय?

करुणा : अडतीस खोल्यांचं वर्षाचं भाडं, त्यातनं घरपट्टी गेली, तीस टक्के गेले. व्याज काही नाही ना? कर्ज होतं का?

भिमाजी : पतसंस्थेचं हुतं वरच्या मजल्याला. फिटलं कवाच.

करुणा : मग चौदा लाख उरतात. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही. तुम्ही त्याच्या वर आहात, म्हणून लागतो. कंपनीनं कापलेले परत मिळणार नाहीत. उलट तुम्हालाच तीसेक हजार भरावे लागतील.

भिमाजी : आगं! दोन लाखांसाठी?

करुणा : दोन लाखांसाठी. हीच खोल्यांची मालकी दोघांत असती तर प्रत्येकाला सात-सात लाख आले असते. दोघांनाही शून्य. कापलेलेही परत.

भिमाजी : तेच! तेच म्हनतोय मी! रविराज पन हेच म्हनला. करुणे, रविराज म्हंजी माझा थोरला, तुला ठावं हाय. शिरूरला जिम टाकलीय त्यानं. तो म्हनला, आबा, निम्म्या खोल्या माझ्या नावावर करा, कर वाचतोय. शिरूरला वकील बघून ठेवलाय. सोमवारी सकाळी अकराची येळ बी घेतलीया. चालतंय का न्हाई तेवढं सांग.

करुणा : चालतं. मुलगा मोठा आहे, त्याला बक्षीसपत्र करून दिलंत तर ते उत्पन्न त्याचं. जिममध्ये काय कमाई आहे?

सरूबाई : घाम.

भिमाजी : जम बसतोय अजून.

सरूबाई : आठ म्हैने झाले, बसतोच हाय, उठतच न्हाई. करुणा, ह्यासाठी मी आले. सोमवारच्या आधी मला कुनाला तरी इचारायचं हुतं. आज मी नवऱ्याच्या घरात ऱ्हाते. सोमवारी त्या खोल्या पोराच्या झाल्या म्हंजी मी पोराच्या घरात ऱ्हायला लागनार. परवाच्या दिशी त्यानं त्या जिमपायी गहाण टाकल्या तर मी कुनाच्या घरात?

भिमाजी : पोटचा पोरगा हाय त्यो.

सरूबाई : पोटचाच हाय, म्हनून तर ठावं हाय मला. मला माझं नाव पायजे. नमुना आठवर, खोल्यांच्या उताऱ्यावर. मरायच्या आधी एकदा वाचायचं हाय.

भिमाजी : आगं मग येवढंच ना! चल. करुणे, पोराचं ऱ्हाऊ दे, हिच्या नावावर निम्म्या करतो. घरातल्या घरात. झालं शून्य.

करुणा : नाही झालं.

भिमाजी : का?

करुणा : नवऱ्यानं बायकोला फुकट घर दिलं, तर कायदा म्हणतो की ठीक आहे, नाव तिचं, पण भाडं आम्ही तुझ्याच उत्पन्नात धरणार. ही युक्ती तुमच्याआधी फार जणांनी करून पाहिली आहे मामा.

भिमाजी : आन् सुनंच्या? नीलमच्या नावावर केलं तर?

करुणा : सूनही नाही. बायको आणि सून, दोघींचे दरवाजे बंद. मोठा पोरगा तेवढा सुटलाय.

भिमाजी : ऐकलंस? म्या न्हाई म्हनत. कायदा म्हनतोय. सरकारला बी ठावं हाय, नवरा-बायको एकच.

करुणा : एक मिनिट. तुम्ही फुकट दिलं तर एकच. तिनं त्या घरात स्वतःचे पैसे घातले असतील, तर तेवढा हिस्सा तिचा. मग त्याचं भाडंही तिचं. तसा कागद, तसा पुरावा लागतो.

(खाली रस्त्यावर एक टेम्पो मागं सरकत पिपाणी वाजवतो, मग थांबतो.)

सरूबाई : इचार आता त्यांना.

करुणा : मामा?

भिमाजी : ते... ते उसनं हुतं.

करुणा : काय उसनं होतं?

भिमाजी : खोल्यांची जागा. चार गुंठे. दोन हजार अकराला घेतली. तवा हिनं थोडं... हातउसनं.

सरूबाई : थोडं?

करुणा : मामा, उसनं असलं तरी उत्तम. घरासाठी नात्यातल्या माणसाकडून घेतलेल्या पैशाचंही व्याज वजा करता येतं. काय व्याज देता मामींना?

भिमाजी : दर पाडव्याला साडी.

करुणा : साडी व्याजात बसत नाही.

सरूबाई : साडी माझ्याच पैशाची असतीया. म्हशीच्या दुधाच्या.

करुणा : मग मुद्दल तरी कधी परत केलं?

भिमाजी : करनारच हुतो.

करुणा : पंधरा वर्षांत व्याज नाही, मुद्दल नाही, कागद नाही. याला उसनं म्हणत नाहीत मामा. मामी, पैसे कुठून आले होते?

सरूबाई : यवतला माझ्या बापाची जिमीन हुती. आम्ही तिघी भैनी, एक भाऊ, कोंडिबा. बाप गेल्यावर कोंडिबानं आम्हाला हक्कसोडीला बोलवलं. तुला ठावं हाय आपल्याकडची रीत. भैनीनं सही करायची, साडी-चोळी घ्यायची, जिलबी खायची न् घरी जायचं. धाकट्या दोघींनी तसंच केलं. मी न्हाई केलं. मी म्हनलं, माझ्या हिश्शाचे पैसे दे, मगच सही.

करुणा : का?

सरूबाई : ह्यांनी सणसवाडीत जागा बघितली हुती. कंपन्या येत हुत्या. रोज रात्री झोपंत बी चार गुंठे चार गुंठे करायचे. पैसा न्हवता.

भिमाजी : झोपंत न्हाई बोलायचो मी.

सरूबाई : बोलायचा. चेकनं दिले कोंडिबानं. आन् माहेर गेलं. इथंच दौंडला रजिस्टर हापिसात सही झाली. सही झाली तसा उठला, जेवलीस का म्हनून बी इचारलं न्हाई, निघून गेला. पंधरा भाऊबिजा झाल्या. गावात म्हनत्यात, सरूबाईनं भावाला इकलं.

करुणा : आणि तो चेक?

सरूबाई : यवतच्या बँकंत माझ्या खात्यावर. तिथनं जागेवाल्याला. हे बघ पासबुक. दोन्ही आकडे एकाच पानावर हायेत.

भिमाजी : ह्ये तू अजून ठेवलंयस?

सरूबाई : तुमची लगीनपत्रिकाबी ठेवलीया. तिच्या मागं काय लिवलं न्हाई अजून.

करुणा : मामी, सगळीच्या सगळी जागेची रक्कम इथून गेली आहे. म्हणजे जागा तुमच्या पैशाची, वरच्या भिंती मामांच्या. मग मामा, खरेदीखतात एकट्याचं नाव का?

भिमाजी : ते तवा... एजंट म्हनला, बाईचं नाव घातलं की मेव्हणे हक्क सांगत येत्यात.

करुणा : मेव्हण्यांनी पैसे देऊन कागद केला होता की. ते कशाला येतील?

सरूबाई : सांगा की. मी सांगू?

भिमाजी : मीच सांगतो. पारावर बसलो हुतो. कुनीतरी म्हनलं, काय भिमाजी, सासऱ्याच्या पैशावर जागा घेतोय म्हनं. म्हंजी आता घरजावई झालास का? सगळे हसले. मीबी हसलो. घरी येताना ठरवलं, खतावर एकच नाव.

करुणा : एवढ्यावर?

भिमाजी : तुला येवढं वाटतंय. तू पारावर बसत न्हाईस.

सरूबाई : पंधरा वरसं गेटवर बोर्ड हाय, ‘भिमाजी निवास’. त्यो पुसते मी. दर दिवाळीला.

करुणा : मामा, आता मी माझ्या कामाचं बोलते, घरातलं नाही. तुमच्यापुढं दोन रस्ते आहेत. रविराजला बक्षीसपत्र. सोपं. कुणाला काही सांगावं लागत नाही, कर वाचतो, सोमवारची वेळही ठरलेली आहे. दुसरा, मामींचं नाव. त्याला दस्तात लिहून द्यावं लागेल की जागा हिच्या माहेरच्या पैशानं घेतली. तुमच्या सहीनं. तो दस्त वकील करील, मुद्रांकाचा खर्चही येईल. नुसतं ‘प्रेमापोटी’ लिहिलंत तर कर तुमच्याच डोक्यावर. खरं लिहिलंत तर वाचतो.

भिमाजी : दस्त झाला की ग्रामपंचायतीत नोंदीला जातोय. तिथनं पारावर जायाला किती लागतंय?

करुणा : रस्ता ओलांडायचा.

भिमाजी : व्हय.

करुणा : आणि आणखी एक. कर वाचतो म्हणून खोटं लिहू नका. ते पैसे तुमचेच होते असं मनापासून वाटत असेल, तर हा रस्ता सोडून द्या. मी लिहिणार नाही.

सरूबाई : मी काय म्हनत न्हाई आता. मला बोलायचं हुतं ते झालं. सोमवार हाय की.

भिमाजी : पाणी दे जरा.

करुणा : घ्या.

भिमाजी : कंप्युटर चालू हाय का तुझा?

करुणा : आहे.

भिमाजी : मग लिही. वकिलाला द्यायला. मी सांगतो तसं. ‘मी, भिमाजी, राहणार सणसवाडी, स्वकष्टानं...’

सरूबाई : स्वकष्टानं?

भिमाजी : सवय झालीय गं. पूस ते. ‘मी, भिमाजी, पत्नीच्या थोड्याफार मदतीनं...’

करुणा : थोडंफार म्हणजे किती टक्के? खात्याला थोडंफार कळत नाही.

भिमाजी : तुझ्या खात्याला तीस सोडून काय कळतंय! पूस. ‘सणसवाडीची चार गुंठे जागा माझी पत्नी सरूबाई हिनं... हिच्या...’ काय म्हनत्यात त्याला?

करुणा : माहेरच्या हिश्शाच्या रकमेतून.

भिमाजी : ‘माहेरच्या हिश्शाच्या रकमेतून घेतली. सगळी. माझा त्यात एक रुपया न्हवता.’

करुणा : शेवटचं वाक्य लागत नाही दस्ताला.

भिमाजी : ऱ्हाऊ दे. पारावर कुनी वाचलं तर पुरं वाचू दे. अर्धवट वाचलं की जास्त हसत्यात.

सरूबाई : आन् भिंती ह्यांच्या हायेत हे बी लिही करुणा. कांद्याच्या पैशानं बांधल्या. तवा ह्यांनी दोन वरसं नवं धोतर घेतलं न्हाई.

भिमाजी : ते कशाला लिवतीस?

सरूबाई : खरं हाय म्हनून.

करुणा : लिहिते. मग दोघांची निम्मी-निम्मी. पण मामा, हे दस्त झाल्यापासून पुढं. गेल्या वर्षीचं तुम्हालाच एकट्याला भरायचं आहे, ते सुटत नाही.

भिमाजी : भरतो. तीस हजार ना? भरतो. घरजावई बोलण्यापायी लागलेला दंड समज.

करुणा : आणि रविराज?

भिमाजी : त्याला सांगतो सोमवारी येतो म्हनून. वकील त्योच. वेळ बी तीच. नाव तेवढं आईचं.

सरूबाई : जिमवाल्याला घाम फुटंल.

भिमाजी : फुकट फुटतोय तवर फुटू दे.

करुणा : मामी, इथं सही करा, या टिपणाखाली. मामा, तुम्ही इथं. अंगठा नको, सही येते ना मामी?

सरूबाई : सही येतीया. दोन हजार अकराला बी केली हुती. त्या हापिसातला बाबू म्हनला, आजी, अंगठा लावा, लौकर हुतंय. मी म्हनलं, आजी तुझी आई. तवा चाळिशीबी गाठली न्हवती मी.

करुणा : जेवूनच जा दोघं. आईनं वांग्याचं भरीत केलंय, घर इथं जवळच आहे.

सरूबाई : न्हाई गं, यष्टी चुकंल. उमेशच्या पोराला बघायचं हाय सांजच्याला. आन् रजिस्टर हापीस कुठंशी हाय आता? तिथंच हाय का?

करुणा : तिथंच. तुम्हाला जाताना लागेल. समोर रिक्षा उभ्या असतात.

सरूबाई : मग जाता जाता बघू लांबनं. काय वो, बघायचं ना? ... आवं. उठा की. काय झालं?

भिमाजी : कोंडिबा त्या दिशी निघून गेला न्हवता. मी बघितलं हुतं, तुला सांगितलं न्हाई. खाली निंबाखाली डबा घिऊन थांबला हुता.